महापुरात नकाशा आणि निरोप : पावसाआधी आपण काय करून ठेवू शकतो?

पंचगंगाकाठ :

वळीव पडून गेला, मृग आता लांब नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज सकाळी बघायचे दिवस येतील. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत त्यानं तीही खूण ओलांडली. दोन्ही वेळा मी एका मदत केंद्रावर फोन घ्यायला बसत होतो. तिथं जे दिसलं त्यावरून हा धागा काढतोय.

माणसं कमी नव्हती. तालमी-मंडळांची पोरं रात्रंदिवस उभी होती. भाकरी तर गावागावांतून टेम्पो भरून येत होती. बोटी उशिरा का होईना, आल्या. अडलं ते दोनच ठिकाणी. माणूस नक्की कुठं अडकलाय हे कळत नव्हतं, आणि हातात आलेला निरोप ताजा की शिळा हेही कळत नव्हतं.

नमुना देतो. ‘आंबेवाडीत छतावर ८ जण अडकले आहेत, लहान बाळ आहे, तातडीने बोट पाठवा, जास्तीत जास्त शेअर करा.’ यात तारीख नाही, वेळ नाही, गल्ली नाही, फोन नंबर नाही. असला निरोप वेगवेगळ्या ग्रुपांवरून दिवसभर येत राहतो. प्रत्येक जण कळवळून पुढं पाठवतो. त्यातली माणसं सकाळीच सोनतळीच्या उंच जागेवर पोचलेली असतात, तरी संध्याकाळी एक बोट तिकडं जाते आणि रिकामी परत येते. तेवढ्या वेळात दुसऱ्या वस्तीवर खरोखर अडकलेलं घर अंधार पडेपर्यंत वाट बघत बसतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून सांगतो, पुरात लागणारा नकाशा पूर येण्याआधी तयार पाहिजे. निरोप कसा लिहायचा हेही गावात आधीच ठरलेलं पाहिजे. ही दोन कामं आपण करू शकतो. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही की मोठा खर्च येत नाही.

हैतीचं उदाहरण या विषयात नेहमी दिलं जातं, ते का ते सांगतो. १२ जानेवारी २०१० ला तिथं भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्त-ओ-प्रान्सचा धड खुला नकाशा नव्हता. उपग्रहाची ताजी छायाचित्रं मोकळी झाली आणि जगभरातल्या शेकडो लोकांनी घरी बसून ओपनस्ट्रीटमॅप या कुणीही भर घालू शकेल अशा नकाशावर रस्ते, पूल, छावण्या काढल्या. बचाव पथकं तो नकाशा आपल्या जीपीएस यंत्रांत भरून फिरली. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. ४६३६ या क्रमांकावर लोक मदतीचे एसएमएस करत, ते क्रेयोल भाषेत. परदेशात राहणारी हैतीचीच माणसं ते वाचत, भाषांतर करत आणि जागा शोधून देत. वस्तीचं बोलीतलं नाव ओळखायला तिथलाच माणूस लागतो.

आपल्याकडं तर पत्ता म्हणजे ‘खणीच्या मागं, आप्पांच्या मळ्यात, जुन्या गुऱ्हाळापासून आत’. हा पत्ता बाहेरून आलेल्या जवानानं कसा शोधायचा? तो नकाशावर आपणच चढवायला हवा.

सविता_पुणे :

वाचतेय. माहेर वडणगे. दोन्ही पुरांत पुण्यात बसून नुसते फोन लावत होते. इथून काही करता येत असेल तर सांगा.

मुद्देसूद :

प्रामाणिक प्रश्न आहे, विरोध नाही. गुगल मॅप असताना वेगळ्या नकाशाचा खटाटोप कशासाठी? आणि टॉवर बंद पडल्यावर नकाशा काय नि ॲप काय, सगळं सारखंच ना?

शिरोळचा_रांगडा :

मुद्देसूद भाऊ, तुमच्या पहिल्या प्रश्नाला आमच्याकडची परिस्थिती सांगतो, मग ठरवा.

आमच्या शिरोळ तालुक्यात पाणी धाडदिशी येत न्हाई, खालनं फुगत येतंय. कृष्णा आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला मिळत्यात. दोन्हीला एकदम पाणी आलं की पुढं सरकायला जागा न्हाई, मग ते मागं पसरतंय. वाडीला दक्षिणद्वार झालं, म्हंजे पुराचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं भाईर पडलं, की म्हातारी माणसं म्हणत्यात आता सामान वर टाका. म्हणजे वेळ मिळतोय. पण रस्ते एकेक करून बंद होत्यात आणि गावाचं बेट होतंय.

बोट आली की चालवणाऱ्याला काय लागतंय? त्याला रस्त्याचं नाव नको असतंय. ऊस बुडाला तरी शेंडे वर असत्यात, पाला बोटीच्या पंख्यात अडकतोय. तारेचं कुंपण पाण्याखाली दिसत न्हाई, रबरी बोट त्यावर गेली की फाटली. विजेच्या तारा एरवी डोक्याच्या लई वर, पुरात हाताला लागतील अशा. डीपी कुठं, विहीर कुठं, कंपाउंडची भिंत कुठं, बोट टेकवायला उंचवटा कुठं, ह्ये सगळं पायानं शेत तुडवलेल्या माणसालाच ठावं. केरळात २०१८ ला मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकात घालून आणल्या आणि हजारो माणसं काढली. तिथंबी दिशा दाखवायला गावातलाच माणूस लागला. आता दर बोटीत असा माणूस बसवायला मिळंलच असं न्हाई. मग त्याच्या डोक्यातलं कागदावर यायला पाहिजे. कुठल्या कंपनीच्या नकाशात ह्ये सापडणार?

पंचगंगाकाठ :

रांगडा भाऊ, अगदी हेच. यादी जपून ठेवतोय.

मुद्देसूद, गुगलचा नकाशा रोजच्या कामाला मीही वापरतो. पण त्यातली माहिती उचलून आपल्याला हवा तसा पूरनकाशा करता येत नाही. ओपनस्ट्रीटमॅपची सगळी माहिती खुली असते. डाउनलोड करा, छापा, आपला थर चढवा, दुसऱ्याला द्या. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँडसारख्या ॲपमध्ये आपल्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवला की नेट नसतानाही चालतो. जीपीएसला तर मोबाइलचं नेटवर्क लागतच नाही, ते थेट उपग्रहांकडून येतं. टॉवर पडला तरी आपण कुठं आहोत हे फोन सांगतो. फक्त ते दुसऱ्याला कळवता येत नाही. त्यावर इथले रेडिओवाले बोलतील तर बरं.

जागा कळवायला मला प्लस कोड, म्हणजे अक्षरं-आकड्यांत लिहिलेला जागेचा छोटा पत्ता, सोयीचा वाटतो. अक्षांश-रेखांशाचे लांबलचक आकडे फोनवर सांगताना हमखास गोंधळ होतो. प्लस कोडमध्ये १४ मीटर बाय १४ मीटरचा चौकोन दहा चिन्हांत येतो. शून्य, एक आणि इंग्रजी स्वर मुद्दाम वगळलेत, त्यामुळं वाचताना गफलत कमी. कोल्हापूर शहर, शिरोळ, अगदी सांगलीपर्यंतचा पट्टा ७जे८पी या एकाच मोठ्या चौकटीत बसतो. म्हणजे पहिली चार चिन्हं सगळ्यांची सारखी, पुढची सहाच सांगायची. घराच्या दारावर तो कोड रंगवून ठेवला तर घाबरलेल्या माणसालाही नुसता वाचून दाखवता येईल.

निवृत्त_पाटबंधारे :

मी जलसंपदा खात्यातून निवृत्त झालो. काही गोष्टी स्पष्ट करतो, कारण दर पावसाळ्यात त्याच अफवा ऐकून वाईट वाटतं.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. कोणी बटण दाबून पाणी ‘सोडत’ नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी जातं. ‘राधानगरी फुटलं’ असा निरोप आला की लोक रात्री पळत सुटतात, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पाणीपातळी मोजणारी स्वयंचलित केंद्रं आहेत. केंद्रीय जल आयोगाची कुरुंदवाड आणि अर्जुनवाडला मोजणी असते. आकडे सर्वांसाठी खुले असतात, ते बघायची सवय लावा.

उपग्रहाबद्दल. पावसाळ्यात ढगांमुळं साध्या छायाचित्रात काही दिसत नाही, म्हणून रडार उपग्रह वापरतात. सेंटिनेल-१ हा युरोपचा उपग्रह ढगांतूनही पाणी टिपतो. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र अशा प्रतिमांवरून पूरव्याप्तीचे नकाशे काढतं आणि ते इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर येतात. किती हेक्टर बुडालं, कुठला रस्ता तुटला, यासाठी ते उत्तम. मात्र एक उपग्रह त्याच जागेवर तशाच फेरीत १२ दिवसांनी येतो. शिवाय दाटीच्या घरांमध्ये आणि उभ्या उसाखाली साचलेलं पाणी रडारला नीट ओळखता येत नाही. कोल्हापुरात घरं आणि ऊस या दोनच गोष्टी जास्त, हे लक्षात घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. इंटरनेटवर फुकट मिळणारी जमिनीच्या उंचीची माहिती ३० मीटरच्या चौकोनांची असते आणि तिच्यात काही मीटरची चूक असू शकते. आपल्याकडं २०१९ आणि २०२१ च्या पातळीतला फरक फुटाच्या आसपासचा. तिच्यावरून ‘तुमच्या गल्लीत पाणी येणार की नाही’ असं सांगणारं ॲप कोणी दाखवलं तर विश्वास ठेवू नका. त्यापेक्षा भिंतीवरच्या खुणा मोजा. २००५, २०१९, २०२१ च्या खुणा अजून बऱ्याच घरांवर आहेत. त्यांची उंची लेव्हल यंत्रानं घेऊन राजाराम बंधाऱ्याच्या फुटांशी जुळवली तर ‘इतक्या फुटाला अमुक चौकात पाणी’ असा तक्ता मिळतो. कोल्हापूरकर हे तोंडी करतातच. सुतारवाड्यात शिरलं, जामदार क्लबपाशी आलं, गायकवाड वाड्यापर्यंत पोचलं, हीच आपली मोजपट्टी. ती फक्त लिहून काढायची आहे. खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा आहेतच. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. पण त्या बांधकाम परवानगीच्या कामाच्या. रात्री दोन वाजता घर सोडायचं की नाही, हे त्या सांगत नाहीत.

कसबा_बावडा :

काका, हा प्रतिसाद छापून चौकात लावण्यासारखा आहे. 🙏

लहरी_तरंग :

माझ्याकडं हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचा परवाना आहे, म्हणून टॉवरच्या प्रश्नाला उत्तर देतो.

टॉवर सहसा कोसळत नाही, त्याची वीज जाते. मग बॅटरी काही तास, नंतर जनरेटर. डिझेल पोचवायचा रस्ताच पाण्याखाली असला की टॉवर मुका. त्याआधीच्या तासांत कॉल लागत नसला तरी एसएमएस बऱ्याचदा जातो, कारण त्याला फार थोडी जागा लागते आणि वाट मोकळी होईपर्यंत तो थांबून राहतो. म्हणून पुरात फोन लावत बसू नका, एसएमएस करा आणि बॅटरी वाचवा. मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग कंपन्यांना एकमेकांचे ग्राहक सामावून घ्यायला सांगतो. तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन दिसेल ते नेटवर्क हातानं निवडून बघा. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

२०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम मोठ्यानं वाजले होते, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. त्या पद्धतीत टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांवर इशारा एकाच वेळी येतो, नंबर नोंदवावा लागत नाही. तो आवाज बंद करून ठेवू नका.

आणि टॉवर खरंच गेला तर हॅम. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आपल्या हॅम पथकासह अंदमानातच होत्या. बेटांचा संपर्क तुटला होता, तेव्हा त्यांच्या केंद्रावरून निरोप मुख्य भूमीवर येत होते. कोल्हापूरला निसर्गानं पन्हाळा आणि जोतिबा दिलाय. तशा उंचीवर पुराच्या दिवसांत रिपीटर (आलेला संदेश पुन्हा जोरानं पुढं पाठवणारं यंत्र) उभा केला तर हातातला ५ वॅटचा सेटही पुष्कळ लांब पोचतो. परवान्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा असते, अवघड नाही. नदीकाठच्या गावांतल्या दोन-दोन पोरांनी जरी ती दिली तरी मोठं काम होईल. आयत्या वेळी सेट हातात देऊन चालत नाही, सराव लागतो.

हॅममध्ये निरोप द्यायची शिस्त असते ती फोनवरही उचलण्यासारखी आहे. प्रत्येक निरोपाला क्रमांक. दिल्याची वेळ. तातडी किती. घेणाऱ्यानं तो परत वाचून दाखवायचा. काम झालं की त्याच क्रमांकावर ‘पूर्ण’ असं कळवायचं. पंचगंगाकाठ म्हणतात ती रिकामी बोट या शेवटच्या पायरीनं वाचते.

दूधसंस्था_सचिव :

करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत काम करतो. वर इतकं सगळं आलं, पण जनावरांचा विषय कोणी काढला नाही.

माणसं घर का सोडत नाहीत? शहरातले म्हणतात अडाणी आहेत, ऐकत नाहीत. तसं नाही. गोठ्यात चार म्हशी आहेत, त्यातली एक व्यायला झालीय, तिला सोडून कुठं जायचं? ज्या गावात जनावरं आधी हलतात तिथं माणसं आपोआप हलतात. चिखली-आंबेवाडीची माणसं सोनतळीला जातात ती जनावरं घेऊनच जातात. म्हणून नकाशावर ट्रॉली जाईल असा उंचावरचा रस्ता, जनावरं बांधायची जागा, चारा आणि पिण्याचं पाणी हे सगळ्यात आधी पाहिजे. बोटीत म्हैस बसत नाही. जनावरं काढायची तर ३९ ते ४३ फुटांच्या मधल्या वेळातच काढली पाहिजेत.

कुणाकडं किती जनावरं, घर कुठं, ही माहिती प्रत्येक दूध संस्थेच्या वहीत आहे. आमच्याकडं माणूस सकाळ-संध्याकाळ येतो. एखादा दूध घालायला आला नाही की आम्हाला लगेच कळतं. निरोप पोचवायला याहून पक्की साखळी गावात दुसरी नाही. तिचा उपयोग करा.

सविता_पुणे :

सचिवदादा, तुमचं वाचून डोळे उघडले. बाबा घर सोडायला का तयार नव्हते ते आज नीट समजलं. आमच्या दोन म्हशी होत्या.

मी कालपासून ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढून वडणग्याची घरं काढतेय. उपग्रहाच्या चित्रावरून छप्पर ओळखून चौकोन काढायचा, एवढंच काम आहे, जमतंय. आजारी माणसं, गरोदर बायका, एकटे म्हातारे यांची घरंही खुणेनं दाखवावीत का? आशाताईंकडून यादी मिळेल.

पंचगंगाकाठ :

सविताताई, ते मात्र अजिबात नको. हा नकाशा साऱ्या जगाला दिसतो. कुठल्या घरात म्हातारी एकटी राहते हे चोरालाही कळेल. पुराच्या दिवसांत लोकांचे आजार आणि फोन नंबर लिहिलेल्या याद्या ग्रुपवर उघड्या फिरतात, तेही थांबायला हवं. ती यादी कागदावर राहू दे, आशाताई आणि पोलीस पाटलांकडं. खुल्या नकाशावर घर, रस्ता, उंच जागा, शाळा, दवाखाना, धोक्याच्या जागा, एवढंच.

सगळ्यांचं वाचून निरोपाचा नमुना असा ठरवतोय, सुधारणा सुचवा :

क्रमांक, तारीख-वेळ, गाव आणि वस्ती, जवळची खूण किंवा प्लस कोड, माणसं किती, आजारी किंवा चालता न येणारं कोण, जनावरं किती, पाणी कुठवर (पायरी, कंबर, छत), फोन नंबर.

एवढं असेल तरच पुढं पाठवायचं. नसेल तर आधी ज्याच्याकडून आलं त्याला फोन. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आहेच. आपली यादी त्यांच्या कामात भर घालणारी हवी, त्यांच्याशी स्पर्धा करणारी नको. दर केंद्रावर एक जण फक्त ‘पूर्ण झालं’ ही खूण करायला बसवायचा, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. उत्साही पोरांना हे काम नको असतं, सगळ्यांना बोटीत जायचं असतं. पण हे काम टाळलं की बोटीही वाया जातात.

मुद्देसूद :

पटलं. नकाशाच्या कामात मलाही धरा. ड्रोनचं काय? माझ्या भाच्याकडं आहे.

पंचगंगाकाठ :

पाणी ओसरल्यावर पडझड नोंदवायला ड्रोन फार उपयोगी. पुरात मात्र प्रशासनानं बोलावल्याशिवाय उडवू नये. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे, परवानगीचे नियम आहेत, आणि हेलिकॉप्टर बचावाला आलं असताना हवेत एक ड्रोन असणंही जिवावर बेतू शकतं. आत्ता, उन्हाळ्यात, परवानगी काढून नदीकाठाचे फोटो घेता आले तर भाच्याला जरूर घेऊन या.

सविता_पुणे :

एक अडचण येतेय. नदीकडेच्या शेतांत लहान लहान छपरांच्या रांगा दिसतात. ती घरं धरायची का?

शिरोळचा_रांगडा :

ताई, चित्र कुठल्या महिन्यातलं हाय ते आधी बघा. थंडीतलं असलं तर ती ऊसतोड मजुरांची पालं असणार, न्हाईतर वीटभट्टीवरच्या झोपड्या. पावसाळ्यात तिथं कोण नसतंय. ती घरं म्हणून काढली तर बोट मोकळ्या रानात जाईल. एकेकटं मोठं छप्पर आणि बाजूला गोठा दिसला की ती खरी मळ्यातली वस्ती, ती सोडू नका. तिथंच माणसं अडकत्यात, कारण गावात दवंडी दिली तरी मळ्यात ऐकू जात न्हाई. आणि गोल काळं दिसतंय ती विहीर, ती पण काढा.

सविता_पुणे :

चित्र जानेवारीतलं निघालं. रांगा काढून टाकते, वस्त्या आणि विहिरी ठेवते. पाणंदी कशा दाखवायच्या?

पंचगंगाकाठ :

पाणंद शेतरस्ता म्हणूनच काढा, पण ट्रॉली जाते का आणि कितव्या फुटाला बुडते, हे गावात विचारल्याशिवाय लिहू नका. रविवारी सकाळी मी आणि मुद्देसूद आंबेवाडीत जातोय, छापील नकाशा आणि पेन्सिली घेऊन. निवृत्त काका भिंतीवरच्या खुणा मोजायला येतो म्हणालेत. सचिवदादा, तुमच्या ओळखीनं तिथल्या दूध संस्थेत सकाळचं संकलन संपल्यावर अर्धा तास बसायला मिळेल का?

दूधसंस्था_सचिव :

मिळेल. साडेआठनंतर या. मी बोलून ठेवतो.